मामेसासऱ्यांचा निळा खडू

राग सगळ्यांनाच येतो. पण आलेल्या रागाला ‘या, बसा’ म्हणून पाट देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघाला. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात तपासणी खात्यात काढली. तिथं एक काचेचं टेबल असायचं आणि काचेखाली दिवे. मागावरून उतरलेली चादर त्या काचेवरून ओढायची, उजेडात दोष दिसला की निळ्या खडूनं खूण करायची आणि चादर पुढं सरकवायची. गाठ असली तर गोल, धागा तुटला असला तर उभी रेघ, डाग असला तर फुली. दोष दुरुस्त करणं हे मामांचं काम नव्हे. ते पुढच्या टेबलावर सुया घेऊन बसलेल्या बायकांचं. ‘‘तपासणाऱ्यानं सुई धरायची न्हाय, जावईबापू,’’ असं मामा मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत म्हणाले होते, आणि मी मान डोलावून पोहे खाल्ले होते. पुढं मामा निवृत्त झाले. कारखाना सुटला, टेबल सुटलं, पण खडू काही सुटला नाही. तपासायला चादरी मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःचे विचार तपासायला घेतले.

पद्धत तीच ठेवली. राग ही गाठ, त्याला गोल. काळजी हा तुटलेला धागा, कारण ती कशालाच जोडलेली नसते, तिला उभी रेघ. हाव हा डाग, तिला फुली. मनात काही आलं की मामा क्षणभर थांबायचे, आत कुठंतरी बघितल्यासारखं करायचे आणि खिशातला खडू काढून हाताशी असेल त्यावर खूण करायचे. हाताशी बहुतेक वेळा दाराची चौकट असायची, कारण त्यांची खुर्ची तिच्याजवळ होती. त्यामुळे घरी कोण येऊन गेलं की मामांच्या मनात काय काय झालं, हे चौकटीवर जाहीर लिहिलेलं असे. एकदा बायकोचा एक चुलतभाऊ आला आणि त्यानं आपल्या नव्या बाथरूमच्या फरश्यांचं वर्णन दीड तास केलं. उठताना त्याची नजर चौकटीवर गेली. चौदा गोल होते आणि शेवटचे तर चौकट ओलांडून दाराच्या कडीपर्यंत गेले होते. ‘‘हे काय हो?’’ त्यानं विचारलं. मामांना खोटं बोलता येत नाही. ‘‘राग आलावता चौदा वेळा,’’ ते म्हणाले, ‘‘पण तुमच्यावर न्हाय. मला उठून जाता येईना म्हणून माझ्यावर.’’ तो चुलतभाऊ पुढं वर्षभर फिरकला नाही. मामींनी मात्र त्याच संध्याकाळी चौकट ओल्या फडक्यानं पुसली आणि मामांच्या खांद्यावर एक पांढरा पंचा टाकला. ‘‘काय आकडेमोड करायची ती ह्याच्यावर करा,’’ म्हणाल्या.

तेव्हापासून तो पंचा मामांच्या अंगाचा भाग झाला. भाजी आणायला पंचा, दवाखान्यात पंचा, लग्नाच्या पंगतीत पंचा. पंगतीत जिलब्यांचं ताट शेवटच्या टोकाला दिसलं की मामा घाईघाईनं पहिली फुली मारत, आणि ताट जवळ येईपर्यंत पंच्याची एक कड निळी होत असे. एका वाढप्यानं न राहवून विचारलं, ‘‘आजोबा, काय बघायलाव?’’ मामा गंभीरपणे म्हणाले, ‘‘जीभ पळायली बाबा तुझ्या ताटामागं. ती कुटवर जाते ते बघायलोय.’’ वाढप्यानं घाबरून सहा जिलब्या वाढल्या. मामांनी सगळ्या खाल्ल्या. मी टोचून बोललो, की मग एवढ्या फुल्या मारून फायदा काय झाला? तर म्हणाले, ‘‘फायदा कशाला पायजे? पयलं मला ठाऊक नसायचं की मी खायलोय.’’ दर सोमवारी मामी तो पंचा धुवायच्या, पण धुण्याआधी उजेडात धरून नीट वाचायच्या. फुल्या जास्त दिसल्या की त्या आठवड्यात घरात श्रीखंड व्हायचं. रेघा जास्त दिसल्या की मामी मुलीला फोन लावून मामांच्या कानाला द्यायच्या. गोल जास्त दिसले, तर त्या स्वतःच दोन दिवस बहिणीकडं जाऊन राहायच्या. इतकं वाचता येणारं पान दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं बायकोच्या हातात ठेवलं असेल, असं मला वाटत नाही.

मी त्यांच्याकडे दर रविवारी जायचो तो खरं तर गंमत बघायला. एरवी माझं आयुष्य गमतीचं नव्हतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यांच्या खिडकीवर बसतो आणि त्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं लोकांवर खेकसत आलोय. पण माझा सगळ्यात मोठा राग घरचा होता, चांगला खाऊन-पिऊन पोसलेला. तो माझ्या अक्कावर होता. अक्का माझी थोरली बहीण, होटगीला असते. भावजी रेल्वेत आहेत. आई दवाखान्यात होती तेव्हा अक्का नऊ दिवस तिच्या उशाशी बसून होती. दहाव्या दिवशी दुपारी ती आंघोळीला आणि कपडे बदलायला म्हणून होटगीला गेली, आणि नेमकी तेवढ्यात आई गेली. तेराव्याच्या दिवशी भरल्या घरात मी तिला विचारलं, ‘‘आई गेली तेव्हा तू कुठं होतीस?’’ अक्का काही बोलली नाही. हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवून ती मागच्या दारानं निघून गेली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. होटगी माझ्या घरापासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर आहे. दोन भाऊबिजा गेल्या. अक्का मात्र दर दोन-तीन महिन्यांनी भावजींच्या हाती शेंगाचटणीचा डबा पाठवायची. भावजी तो कॉलेजच्या फाटकावर ठेवून, माझ्या खिडकीकडं न बघता, निघून जायचे. डबा मी घरी न्यायचो आणि माझ्या हातानं कधी उघडायचो नाही.

हे सगळं मामांना माहीत होतं. सासुरवाडीत गोष्टी कशा पोचतात ते सांगायला नको. पण ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. आपला उपदेश दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचं त्यांना वावडंच आहे. त्यांना शिष्य नकोत, प्रवचन नको, डोळे मिटून बसायला आसनसुद्धा नको. खुर्ची, खडू आणि पंचा एवढ्यात त्यांचं भागतं. फार तर प्रयोगाला एखादा सोबती लागतो, आणि संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत तो सोबती मी होतो. मामांना भीती बघायची होती. घरात बसून ती नीट सापडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी मोठ्या पाळण्याची दोन तिकिटं काढली आणि मला शेजारी बसवलं. पाळणा वर जाऊ लागला तशी मामांनी मोठ्या आवाजात माहिती द्यायला सुरुवात केली. ‘‘आली. पोटात हाय. वर चढायली. आता घशात. जावईबापू, गुडघ्यातबी हाय की! दोन हायत!’’ समोरच्या पाळण्यात एक बाई बसल्या होत्या. त्यांना आपल्यावरच काही संकट चढतंय असं वाटून त्या रडायला लागल्या. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला, तो नेमका आम्ही अगदी वर असताना. मी डोळे घट्ट मिटून सिद्धेश्वराला हाक मारत होतो. मामांनी मान वळवून शांतपणे विचारलं, ‘‘भीती तर मला दिसायली. मग जो बघायलाय, तो भ्यालाय का न्हाय?’’ असल्या प्रश्नाला ती जागा नव्हती. खाली उतरल्यावर त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि सांगितलं, ‘‘बघणारा भ्यालेला न्हवता. नीट बघितलं मी. तो आपला निवांत बसलावता.’’ भज्यांसाठी पंच्यावर दोन फुल्या पडल्या.

त्यांना कोणी साधुपुरुष समजू नये म्हणून मामींची बाजूही सांगितली पाहिजे. मामा चिडके होते आणि आहेत. गॅसवाला उशिरा आला तरी त्यांचे कान लाल होतात. ‘‘राग जात न्हाय हो, येतो की,’’ असं ते स्वतःच सांगतात, ‘‘पण पयलं दार मोडून यायचा. आता चप्पल भायेर काढून येतो.’’ मामी बोलायला लागल्या की ते डोळे अर्धे मिटून ऐकतात, आणि मामी विचारतात, ‘‘ऐकायलाव का झोपलाव?’’ ‘‘तुझं ऐकायलोय आणि माझा राग बघायलोय,’’ मामा म्हणतात, ‘‘दोन कामं एकदम चाललीत.’’ ‘‘मग तिसरं करा. गिरणीतनं दळण आणा.’’ एकदा मामी माझ्यापाशी अगदी कळवळून म्हणाल्या, ‘‘एवढा संसार झाला, पण ह्यांचा तो आतला बघणारा कुटं बसतो ते मला अजून घावलं न्हाय बघा. दळण आणायला तेवढा कधी उठत न्हाय.’’ मामांनी हे ऐकलं, पंच्यावर एक गोल काढला, तो गोल जरा वेळ बघितला आणि उठून दळण आणलं. मामी म्हणाल्या, ‘‘आज उठला वाटतं.’’

मग एका रविवारी मी गेलो तो थेट अक्काचा डबा हातात घेऊनच. बायको माहेरच्या कार्याला गेली होती आणि घरात मी आणि तो डबा असे दोघंच उरलो होतो. मला ते सहन होईना. मामींना म्हटलं, हा तुम्ही ठेवून घ्या, आमच्याकडं कोणी खात नाही. मामींनी डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि डबा न घेता त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मामांसमोर बसून अक्काचा पाढा वाचायला लागलो. आधी कसं बोलली नाही, नंतर कसं बोलली नाही, डबे पाठवून कशी मोठेपणा मिरवते, आई असताना कशी लाडकी होती. मामा ऐकत होते. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, नुकताच धुतलेला होता, माझ्या मांडीवर पसरला आणि खडू माझ्या हातात दिला. ‘‘बोलू नका. अक्काचं नाव मनात घ्या, आणि जे येईल त्याला नुसती खूण करा. ओढून काय आणायचं न्हाय, ढकलायचंबी न्हाय.’’

मला हसू येत होतं. दाखल्यांच्या खिडकीवरचा माणूस मांडीवर पंचा घेऊन बसलाय, हे कोणी पाहिलं असतं तर विद्यार्थ्यांनी मला टोपणनाव ठेवलं असतं. पण मामींनी चहा उकळायला ठेवला होता, तेवढा वेळ घालवायचा म्हणून मी बसलो. गोल, गोल, परत गोल. दोन रेघा. मग गोलच गोल. पंधरावीस मिनिटांनी मामांनी पंचा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, जसा मामी धरतात तसा. एवढा मोठा पंचा कोरा होता आणि माझे सगळे गोल एकाच कोपऱ्यात एकमेकांवर चढले होते. मामा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी मामींशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

कारखान्यात असताना एका दिवशी त्यांनी ओळीनं सतरा चादरींवर फुली मारली होती. सगळ्या एकाच विणकराच्या मागावरच्या, आणि सगळ्यांवर डाग एकाच जागी, डाव्या कडेला. मामांना आपल्या नजरेचा फार अभिमान. त्यांनी त्या विणकराला बोलावून सगळ्यांसमोर झाडला. हात तेलकट, माग घाणेरडा, लक्ष नाही, काय वाटेल ते बोलले. तो विणकर पद्मशाली समाजातला एक वयस्क माणूस होता, कमी बोलणारा. त्यानं पहिली चादर उचलून पाहिली, दुसरी पाहिली. मग तो मामांच्या जवळ आला, त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा दोन्ही हातांनी अलगद काढला, आपल्या बनियनच्या टोकाला पुसला आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. ‘‘आता बघा,’’ म्हणाला. डाग गेला होता. ‘‘ओरडला असता तर बरं झालं असतं,’’ मामा मला म्हणाले, ‘‘पर तो नुस्ता मागावर जाऊन बसला. त्या दिवसापासनं मी चादर बघायच्या आधी बघणाऱ्याला बघायलोय. एक डाग वेगवेगळ्या जागी आला तर तो चादरीचा. रोज एकाच जागी यायला लागला, तर चष्मा काढावा.’’ एवढं म्हणून त्यांनी पंचा माझ्या मांडीवर परत ठेवला. ‘‘ह्या कोपऱ्यात काय हाय, जावईबापू?’’

मी त्या कोपऱ्याकडं बघत बसलो. रागावून बघितलं, मग नुसतंच बघितलं. प्रत्येक गोलाच्या तळाशी माझाच प्रश्न होता. आई गेली तेव्हा तू कुठं होतीस? आणि कोण कोणाला विचारतंय हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. त्या दुपारी अक्का मला आईजवळ बसवून गेली होती. आईचा श्वास मोठ्यानं, थांबून थांबून चालला होता. तो आवाज मला ऐकवेना. ‘पाच मिनिटांत येतो’ असं आईला सांगून मी खाली चहाच्या गाड्यावर गेलो. चहा प्यालो. पाय उचलेनात म्हणून दुसरा घेतला. वर गेलो तेव्हा नर्सबाई पडदा ओढत होत्या. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, मी उशाशीच होतो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मामांच्या समोर ते तोंडातून बाहेर पडलं आणि मी लहान मुलासारखा रडलो. मामांनी पाठीवर हात ठेवला नाही, ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. मामी चहा घेऊन दारापर्यंत आल्या आणि तशाच मागं फिरल्या. बऱ्याच वेळानं मी विचारलं, ‘‘बघितलं मामा. आता काय करू?’’ मला वाटलं, ते नेहमीसारखं ‘नुसतं बघा’ म्हणतील. ते म्हणाले, ‘‘आता चादर पुढच्या टेबलाकडं जाऊ द्या की. आमच्या खात्यात सुई न्हाय. पर कारखान्यात हाय.’’

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी होटगीला गेलो. अक्का अंगणात शेंगा निवडत बसली होती. मला बघून ती उठली नाही, तिचे हात तेवढे थांबले. मी गाडीसुद्धा नीट लावली नाही. बसलोही नाही, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. ‘‘अक्का, आई गेली तेव्हा मीपण तिथं नव्हतो,’’ मी म्हणालो. ‘‘खाली चहा पीत होतो.’’

अक्कानं सुपातली एक शेंग उचलली, फोडली, दाणे बाजूला टाकले.

‘‘म्हाईत हाय की,’’ ती म्हणाली.

ती माझ्याकडं न बघता बोलत होती. ‘‘मी पळत आले तवा तू माझ्या गळ्यात पडलास. तुजा शर्ट चहानं ओला होता रे. माझ्या पदराला लागला. लई धुतलं ते पातळ, डाग काय गेला न्हाय.’’

‘‘मग तेराव्याला बोलली का नाहीस? एवढ्या लोकांत मी तुला...’’

‘‘काय बोलू? तू आदीच एवढा भाजलेला. त्यात आणि मी तेल वतू?’’ तिनं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. ‘‘चटणी तरी खात हुतास का न्हाय?’’ मी नाही म्हणालो. खोटं बोलायची सवय आदल्या दिवशीच मोडली होती. ‘‘व्हय का,’’ ती म्हणाली, ‘‘मग बस आत. भाकरी टाकते.’’

दोन वर्षं माझा डाग तिनं स्वतःच्या पदरावर वागवला आणि कोणाला दाखवला नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं ते कसं गेलं ते मी सांगू शकत नाही. पण तीन भाकरी खाल्ल्या, एवढं अक्का अजून सगळ्यांना सांगते.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दाखल्यांच्या खिडकीवर मी अजून खेकसतो, पण माझ्याही खिशात निळा खडू असतो आणि खिडकीच्या आतल्या फळीवर गोलांची रांग असते. शिपाई रोज पुसतो आणि काही विचारत नाही. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ दिलं, पण मामांनी जे दिलं त्याला माझ्याकडं तोड नाही. त्यांच्यामुळं माझी बहीण मला परत मिळाली. ते मात्र म्हणतात, आपण काही केलं नाही, आपण फक्त पंचा दिला, आणि तोही मामींनी धुतलेला.

रविवारी आता अक्काही कधी कधी माझ्यासोबत येते, मामांसाठी चटणीचा डबा घेऊन. मामा डब्याचं झाकण हातानं चाचपडतात, कारण त्यांची नजर गेली आहे. डोळ्यांची नस सुकली, आता चष्म्याचा काही उपयोग नाही असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं. पंचा खांद्यावर असतो, पण बहुतेक वेळा कोराच. सोमवारी मामी तो उजेडात धरतात आणि वाचायला काही नसलं तरी धुतात. ‘‘चादरी कमी यायल्यात आता,’’ मामा मला म्हणाले, ‘‘टेबल बराच वेळ मोकळं असतं. नुस्ता उजेड दिसायलाय खालचा.’’ चष्मा त्यांनी सोडलेला नाही. निघायच्या वेळी मी तो त्यांच्या डोळ्यांवरून दोन्ही हातांनी काढतो, माझ्या शर्टाच्या टोकाला पुसतो आणि परत त्यांच्या नाकावर ठेवतो. त्याचा उपयोग नाही हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. मामा मान वर करून माझा चेहरा जिथं असेल असं त्यांना वाटतं तिकडं वळतात आणि म्हणतात, ‘‘आता स्वच्छ दिसायलंय की.’’